रंकाळ्यावरची हाक

कोल्हापूरला आम्ही तळी बघायला चाललोय, असं मी गावात सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांना ते पटलंही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि आमचा भंडारा जिल्हा पडला तळ्यांचा. गुरुजी निवृत्त झाले, आता दुसऱ्यांची तळी मोजत हिंडणार, असं त्यांना वाटलं असेल. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवीत चिवडा भरताना एकदाच विचारलं, "तळे पाहाले चाललो का पोरीले पाहाले?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पोरगी म्हणजे वैशाली, आमची एकुलती एक. नर्सिंग झाल्यावर तिला कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. "वर्षभर अनुभव घेते, मग नागपुरात बघते," असं सांगून गेली. वर्ष उलटलं, दुसरं लागलं. मग एका रविवारी फोनवर म्हणाली, "बाबा, अजित नावाचा मुलगा आहे. तुम्ही येऊन त्याचं घर बघाल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार." हे शेवटचं वाक्य तिने म्हणायला नको होतं. भांडली असती तर मीही तोंडभर भांडलो असतो. आता सगळा भार माझ्याच डोक्यावर आला. मुलगा आमच्यासारखाच बौद्ध घरातला, कारखान्यात कामाला, सुपारीचंही व्यसन नाही. नकार द्यायला माझ्याजवळ एकच कारण होतं आणि ते नकाशावर दिसत होतं. महाराष्ट्राचा नकाशा मी फळ्यावर इतक्यांदा काढलाय की डोळे मिटूनही काढीन. भंडारा या टोकाला, कोल्हापूर त्या टोकाला.

लहानपणी ही पोरगी संध्याकाळी गावच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खेळत बसायची. दिवेलागण झाली की सुमन हाका मारमारून थकायची, पण ही काही यायची नाही. मग मी पाळीवर जाऊन उभा राहायचो आणि "वैशेऽऽ" अशी लांब हाक द्यायचो, शेवटचं अक्षर वर नेऊन सोडायचो. की लगेच कुठल्या तरी झाडामागून "आलीऽऽ" असं उत्तर यायचं. पोरगी हाकेच्या टप्प्यात असावी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यात काही फार मागतोय असं मला वाटत नव्हतं.

नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. गाडी राज्याच्या एका अंगाने शिरते आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडायच्या बेतात असताना थांबते, तेच कोल्हापूर. मधल्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. चिवडा मनमाडच्या आधीच संपला.

मंगळवार पेठ

अजितचं घर मंगळवार पेठेत, एका अरुंद बोळाच्या शेवटी. पुढे दोन खोल्या, मागे गोठा, गोठ्यात तीन म्हशी. दारापाशी पोचलो तेव्हा आत कडाक्याचं भांडण चाललेलं ऐकू आलं, म्हणून आम्ही दोघं पायरीवरच थबकलो. वैशाली हसायला लागली. भांडण वगैरे काही नव्हतं. अजितची आई, हौसाबाई, भिंतीपलीकडच्या शेजारणीला पाहुणे आल्याचं सांगत होत्या.

त्या बाहेर आल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, एका पायाने किंचित लंगडत चालणाऱ्या. मी "जय भीम" म्हणालो, त्यांनी "जय भीम" म्हटलं, आणि पहिल्या दिवशी आम्हाला एकमेकांचं पुरतं समजलेलं बोलणं तेवढंच. पुढे त्या म्हणाल्या, "पावणं, भंडारा म्हंजे नागपूरच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड," मी म्हणालो.

"आगाबया. मग ऱ्हायलंय काय त्येच्या म्होरं?"

त्यावर वैशाली म्हणाली, "बाबा, तुम्ही हातपाय धुवा, मी चहा टाकतो." सुमनने माझ्याकडे पाहिलं. इकडे बायका सर्रास 'येतो, जातो' म्हणतात हे नंतर कळलं. त्या क्षणी मात्र आपली पोरगी कुणीतरी बदलून दिली की काय, असं वाटून गेलं.

ओळख कशी झाली ते हौसाबाईंनीच सांगितलं. गोठ्यात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात पडून राहावं लागलं आणि वैशाली त्याच वॉर्डात होती. "ही तुमची पोरगी मला दटावायची बगा. सगळ्या पेठेत मला दटावणारं कुणी न्हाय, आन ही एवढीशी." घरी आल्यावर पायाचा व्यायाम करून घ्यायला वैशाली रोज ड्युटी संपली की येत राहिली. चालायची सवय व्हावी म्हणून हौसाबाईंना धरून म्हशींमागे रंकाळ्यापर्यंत जात राहिली. दवाखान्यात आईला दूध पोचवणारा अजित घरातही होताच. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अजित संध्याकाळी कामावरून आला. पोरगा दांडगा, आणि बोलायला तेवढाच लाजरा. जेवताना त्याने माझ्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. तांबडा रस्सा पाहून मला घाम फुटला. आमच्याकडेही तिखट खातात, पण ते तिखट मुकाट्याने जाळतं. हे आधी चव दाखवतं आणि मग कानापर्यंत जातं. पांढरा रस्सा वाटीवर वाटी पीत मी वेळ मारून नेली. ताटावरून उठताना अजित हळूच म्हणाला, "बाबा, तुमच्याकडच्या तळ्यात मासं कुठलं कुठलं मिळतं?" मी त्याला वाघूर, बोटरी, शिंगूर, झिंगे, सगळं सांगत बसलो. आमचे ढिवर, म्हणजे मासेमार, जाळं कसं फेकतात ते उभं राहून दाखवलं. सुमन गालात हसत होती. मला नंतर लक्षात आलं की पोराने मला बरोबर ओळखलं होतं.

पण मुद्द्याचं कुणी काढेना. हौसाबाईंनी आम्ही आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "इच्यारायचं त्ये निगताना इच्यारीन. आदी गाव बगा, मानसं बगा." मलाही तेच हवं होतं. मी विचारलं, "ताई, तुमच्या गावात तळी किती?" आणि त्या दिवसापासून मी प्रश्न विचारत सुटलो. कुणी तळ्यांबद्दल बोलत असलं की लग्नाबद्दल बोलत नाही, हे मला फार सोयीचं वाटलं.

पाण्यावरचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आम्हाला गाव दाखवायला निघाल्या. रिक्षा नको म्हणाल्या, पायाला चालायला सांगितलंय. बोलणं मात्र बोळापासूनच सुरू झालं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला "आमचं पावणं, भंडाऱ्याचं" असं रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला सांगणं चालू होतं.

मी वाचून आलो होतो की जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव. उत्तरेला पंचगंगा, पश्चिमेला डोंगर. डोंगराकडून उतरलेलं पाणी नदीला मिळायच्या आधी खळग्याखळग्यांतून विसावा घ्यायचं, आणि त्या खळग्यांच्या काठाकाठाने वस्ती वाढली. मला त्यातलं वरुणतीर्थ बघायचं होतं. पावसाळा संपत आला होता, तरी वाटेत एका मोठ्या मैदानात घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि फुटबॉलचे खांब त्या पाण्यात उभे होते. चपला हातात घेऊन मी कडेकडेने चालत होतो. मी विचारलं, "ताई, वरुणतीर्थ अजून किती लांब?"

"तुमी त्येच्यातच हुबं हाईसा की," त्या म्हणाल्या.

तळं कधीच बुजवलं होतं. त्याचं मैदान झालं, सभा झाल्या, फुटबॉल सुरू झाला. "म्हापालिकेनं तळं भरलं खरं," हौसाबाई म्हणाल्या, "पर पाण्याला कुनी सांगितलंच न्हाय. दर साली येतंय आन बसतंय आपल्या जाग्यावर." कपिलतीर्थ पाहायला गेलो तर तिथे भाजीमंडई. सुमनने तळ्याच्या मधोमध उभं राहून वांगी घेतली. रावणेश्वराच्या तळ्याचं स्टेडियम झालेलं. मी वहीत लिहिण्यापुरती हळहळ व्यक्त केली. खरं सांगायचं तर आम्हाला हसायला जागा नाही. आमच्याकडेही शेताकडच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, बुजवून लोक प्लॉट पाडायला लागलेत.

संध्याकाळी कट्ट्यावर नेलं. ही या गावची खास गोष्ट. चौकात म्हशी आणून बांधतात, लोक ग्लास हातात घेऊन रांगेत उभे राहतात आणि दूध समोर काढून फेसासकट हातात देतात. तालमीतली पोरं, कचेरीतून परतणारे लोक, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, सगळे मुकाट पितात आणि मिशा पुसतात. हौसाबाईंनी चंद्री नावाच्या म्हशीचं दूध काढून मला ग्लास दिला. मी जन्मभर उकळलेलं दूध प्यालेला माणूस. म्हणालो, "थोडं गरम करून मिळेल का?"

एका पैलवानाच्या हातातला ग्लास तोंडाशीच राहिला. मग एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पावणं, म्हशीनं गरमच दिलंय की वो." आणि मग जो हशा उठला तो पार पलीकडच्या पानपट्टीपर्यंत गेला. सुमन तर पदर तोंडात धरून हसली. मी डोळे मिटून ग्लास रिकामा केला. चांगलं होतं. दुसरा ग्लासही घेतला.

गर्दी ओसरल्यावर हौसाबाई पायरीवर बसल्या आणि जरा हळू, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाल्या, "माज्या सासूनं म्हस पाळलीवती. पर तिच्या हातचं दूद कोन पीत नव्हतं बगा. घरातच नासायचं. आता म्हातारीनं ही रांग बगाय पायजे हुती." मला आमच्या गावचं तळं आठवलं. माझ्या आजोबांना पाणी भरायला वेगळा घाट होता, पार कोपऱ्यात, जिथे गुरं उतरायची. मी वर्षानुवर्षं पोरांना तळ्याची लांबी-रुंदी शिकवली, तो कोपरा कधी शिकवला नाही. ते मी हौसाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे सगळीकडं सारकंच की." त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की हे घर फार लांबचं नाही. तसं वाटल्याबरोबर मी घाबरलो आणि कळंब्याचं तळं कुठल्या दिशेला, असं विचारलं.

रंकाळा

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई उठल्या तेव्हा त्यांचा आवाज गेला होता. पार बसला होता. दोन दिवस माझ्या प्रश्नांची उत्तरं रस्त्यावरून ओरडून दिल्याचा तो परिणाम. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारून गेली की घरात सगळं ठीक आहे ना, कारण आवाज येत नाही.

त्या दिवशी वैशालीला सुट्टी होती. ती आणि सुमन दुपारी बसने हुपरीला गेल्या, चांदीचे दागिने घडवतात ते गाव बघायला. अजित कारखान्यात दुसऱ्या पाळीला. म्हशींना पाण्यावर न्यायला मी आणि हौसाबाई निघालो. म्हशींना वाट पाठ होती. त्या पुढे, आम्ही मागे.

रंकाळा मी पहिल्यांदा पाहिला तो म्हशींच्या पाठींवरून. आमची तळी माणसांनी पाळ घालून अडवलेली, हिरव्या भातखाचरांच्या कुशीतली. हे तळं गावाच्या गळ्याशी, भोवती दगडी भिंत, पलीकडे राजवाडा आणि मागे डोंगरांची निळी रेघ. म्हणतात की इथे पूर्वी दगडाची खाण होती, गावातल्या देवीच्या देवळासाठी इथूनच दगड काढला. मग कधीतरी भूकंप झाला, जमीन खचली आणि खाणीत पाणी उसळलं. पाणी उतरलं की आतून एक दगडी मठ वर येतो. काठावरच्या देवळातल्या नंदीबद्दलही सांगतात की तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे. मला पटलं नाही, पण ऐकायला आवडलं. पोरीही अशाच जातात, असं उगाच मनात आलं.

जनावरं धुवायला मनाई असल्याची एक पाटी होती. तिच्या सावलीतूनच म्हशी पाण्यात उतरल्या. गाववाले त्या पाटीबद्दल आणि तळ्यावर पसरणाऱ्या केंदाळाबद्दल सारख्याच तिडिकीने बोलतात. हे केंदाळ म्हणजे पाण्यावर तरंगणारी जाड पानांची वनस्पती. गटारांचं पाणी तळ्यात येतं, त्यावर ती पोसते. महापालिका एका बाजूने काढते, दुसऱ्या बाजूने ती पसरते. वर जांभळी फुलं येतात, म्हणून नवख्याला ती सुंदर दिसते. मी "छान फुलं आहेत" असं म्हणालो तेव्हा हौसाबाईंनी कपाळाला हात लावला.

सूर्य डोंगराला टेकला तशी दोन म्हशी आपण होऊन बाहेर आल्या. चंद्री आली नाही. ती लांब, पार मध्यावर, पाण्यातून फक्त नाकपुड्या आणि शिंगं वर काढून निवांत पडली होती. तेवढ्यात वारा फिरला आणि केंदाळाचा एक भला मोठा पट्टा कडेने सरकत तिच्या आणि आमच्या मधे येऊ लागला. हौसाबाई चटकन उठल्या. केंदाळात पाय अडकून जनावर दमतं, बुडतंसुद्धा, हे त्यांनी मला हातवाऱ्यांनी सांगितलं. तोंडावर हात धरून त्यांनी हाक मारली, पण नुसती हवा निघाली. टाळ्या वाजवल्या. चंद्री हलली नाही.

काठावर माणसं जमली. एका गवळ्याने हाक दिली, दुसऱ्याने दिली. मग मी पुढे झालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज, त्याचा मला जरा अभिमान होता. "चंद्रे, इकडे ये," असं मी चांगलं खणखणीत ओरडलो. चंद्रीने एक कान हलवला. "पावणं, ती काय शाळंत बसलीया व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं. हौसाबाई हसल्या नाहीत. चंद्री त्यांच्या घरात जन्मलेली, सासूने पाळलेल्या म्हशीच्याच वंशातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि तळ्यांबद्दलचे माझे सगळे प्रश्न मला फार फालतू वाटले.

तेवढ्यात हुपरीहून परतलेल्या सुमन आणि वैशाली भेळगाड्यांच्या बाजूने आल्या. वैशालीने आमच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. हातातली पिशवी सुमनकडे दिली, चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि गुडघाभर पाण्यात गेली. तोंडाशी हात नेला.

"चंद्रेऽऽ"

लांब हाक. शेवटचं अक्षर वर नेऊन सोडलेलं.

ती हाक माझी होती. आमच्या पाळीवरची, दिवेलागणीची. सुमनने माझा दंड धरला, म्हणजे तिलाही ती ओळखू आली. पाण्यात चंद्रीने डोकं वर केलं, वळली आणि केंदाळाच्या टोकाला वळसा घालून सरळ पोहत आली. वैशालीने पुन्हा हाक दिली. ती आणखी जोराने पोहू लागली. बाहेर आली ती वैशालीच्या खांद्याला मान घासतच, आणि पोरीचे सगळे कपडे चिखलाचे करून टाकले. काठावरचे लोक पांगले. गवळ्याने नुसती मान डोलावली.

हौसाबाई माझ्याजवळ आल्या. फाटक्या, घोगऱ्या आवाजात, अगदी कानाशी येऊन म्हणाल्या, "मी बोलवायचो त्ये येगळं हुतं. ही यायला लागल्यापास्नं चंद्रीला ह्योच आवाज लागतोय. माज्या हाकंला आता ती निम्मीच येती." मग म्हणाल्या, "गुरुजी, निगताना इच्यारीन म्हनलंवतो. पर आता आवाज न्हाय, उद्याचं काय सांगावं. पोरगी द्येताय न्हवं?"

मला आयुष्यात एवढं कठीण काही विचारलं गेलं नव्हतं, आणि उत्तर एवढं सोपंही कधी नव्हतं. मी म्हणालो, "ताई, मी काय देऊ? ती तर केव्हाचीच आली ना तुमच्याकडे."

वैशालीने ते ऐकलं. म्हशीच्या गळ्यात हात तसाच ठेवून ती रडायला लागली. मीही रडलो, तिथेच, भेळगाड्यांसमोर, चार माणसांत. सुमन रडली नाही. तिने पिशवीतून हुपरीचे पैंजण काढून माझ्यापुढे धरले. "मी तं दुपारीच घेऊन टाकले," ती म्हणाली. "तुमचे तळे पाहून व्हायची वाट पाहून राहिली होती."

त्या संध्याकाळी कट्ट्यावर दूध उशिरा गेलं. कुणी तक्रार केली नाही. मला ग्लास न मागता मिळाला.

गावी परतलो त्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने पाळीवर गेलो. भात पोटरीला आला होता, तळं काठोकाठ भरलं होतं. पाण्यावरून गार वारा येत होता. ढिवरवाड्यातला सुखदेव जाळं गोळा करत होता. वैशाली लहान असताना पाळीवर खेळायची तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायचा तो. माझ्याकडे पाहून म्हणाला, "का जी गुरुजी, तळे पाहून आले?"

"आलो पाहून."

"अन् पोरगी? नाही आली का संगं?"

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठाला कुणाची तरी जनावरं बाहेर निघत होती.

"नाही बा," मी म्हणालो. "तिकडे तिले सांजेले म्हैस बोलवावी लागते."